वाळूतली पडवी

२ एप्रिल, बुधवार

मृणालीनं मोबाईलवर एक बटण लावून दिलंय. ते दाबायचं आणि बोलायचं. तो लिहून घेतो, तारीखही आपली आपणच टाकतो. नात बंगळुरूला नोकरीत, मी इथं गिरणाकाठी. तिला वाटतं आजी भिंतीशी बोलते, त्यापेक्षा मोबाईल बरा. भिंत निदान चार्जिंग मागत नाही. पण पोरीचं मन मोडवत नाही म्हणून बोलते. माझी आणि अक्षराची जन्मात गाठ पडली नाही, तेव्हा इथं लिहिलेलं मलाही वाचता यायचं नाही. याच्याहून पक्कं कुलूप कुठं मिळणार?

आज सांगायला काहीतरी आहे. दुपारी दारापुढे ही एवढी पांढरी गाडी येऊन थांबली. मला वाटलं दवाखान्याची; आता माझ्यात न्यायला काय उरलंय म्हणून मी दारातच बसून राहिले. उतरला तो प्रशील. माझा एकुलता एक. पुण्यात कंपनीत आहे, दिवाळीला फोन करतो, बापाच्या पुण्यतिथीला उभ्या उभ्या येऊन जातो. असा मधेच कधी यायचा नाही. सविता, म्हणजे सून, बरोबर नव्हती. तिला सुट्टी नाही म्हणे.

गाडीच्या आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. मी म्हटलं, पूर्वी घिसाडी असं घर गाडीवर घालून यायचे, विळे-कोयते करून द्यायचे. तू काय करून देशील? तो हसला, पण जरा उशिरा हसला. कोकणातून गोव्यापर्यंत समुद्राच्या काठाकाठानं लांबच्या सहलीला निघालाय. मला कौतुकानं आत बोलावून सगळं दाखवलं. कुकर होता, मृणालीची शाळेतली बक्षिसं होती, बापाचा भिंतीवरचा फोटो होता, लोकरीचा कोट होता. गोव्याच्या उन्हात कोट घालून हा काय करणार कोण जाणे. शिकलेल्या माणसाला सामान बांधायची अक्कल नसते हे मला ठाऊक होतं, पण इतकी नसते हे आज कळलं.

घरात झोप म्हटलं तर नको म्हणाला, गाडीची सवय करायची आहे. पण जेवायला घरात बसला. त्याचे बाबा गेल्यापासून या चुलीवर दोन माणसांचा स्वयंपाक झाला नव्हता. पिठाचा अंदाजच चुकला, भाकरी उरल्या.

४ एप्रिल, शुक्रवार

गाडीच्या टपावरून एक कापड गुंडाळी सुटून बाहेर येतं, पुढं दोन पाय टेकतात आणि दारापुढे सावली होते. तो त्याला ऑनिंग म्हणतो. मी पडवी म्हणते. पाय आणि दोर जमिनीला खुंट्यांनी धरून ठेवायचे. सोपं आहे, फक्त जमीन पाहिजे. आमच्या नदीकाठच्या तुकड्यावर मागं पुरानं वाळू आणून टाकली, तेव्हापासून तिथं कुसळसुद्धा उगवत नाही. बरोबर तिथंच यानं गाडी नेऊन लावली. समुद्रावर वाळूच असणार, म्हणून आधी इथं परीक्षा. पडवीनं एक चांगलं वारं अंगावर काढलं, की निघणार.

त्यानं पिळाच्या खुंट्या आणल्यात, स्क्रूसारख्या फिरवून आत घालायच्या. सकाळभर फिरवल्या. दुपारी वारं सुटलं. पडवी आधी तव्यावरच्या भाकरीसारखी फुगली, मग खुंट्या दुधाच्या दातासारख्या सुटल्या आणि कापड गाडीच्या टपावर जाऊन बसलं.

शेजारचा निंबा बघायला आला. त्याचा मंडपाचा धंदा आहे, आसपासची लग्नं आणि जयंतीचं स्टेज त्याच्याकडेच असतं. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "प्रशीलभाऊ, हाऊ बिननवरदेवना मांडव शे का?" प्रशीलनं मान खाली घातली आणि खुंट्या गोळा करायला लागला. निंबा मग म्हणाला पाण्याचे दोन ड्रम देतो, त्यांना बांध. प्रशील नको म्हणाला. समुद्रावर ड्रम कुठून आणायचे?

तेही खरंच.

५ एप्रिल, शनिवार

आता जे सांगते ते मृणालीला कळलं तर हसेल आणि प्रशीलला कळलं तर रागावेल. कुलूप आहे म्हणून सांगते.

काल संध्याकाळी त्यानं खुंट्या खोल घातल्या, वरून दगड ठेवले, वाळूवर पाणी मारलं. मी बघितलं. ओली वाळू धरते. उद्याचं वारं गेलं की हा गेला. मग पुन्हा मी, कुकरची एक शिट्टी आणि दारात उन्हाची तिरीप कुठवर आली ते बघणं.

पहाटे शेळी सोडायला उठले. तो गाडीत झोपला होता. वाऱ्याकडच्या कोपऱ्यातली खुंटी मी टाचेनं दोनदा इकडून तिकडं हलवली. बस्स, तेवढंच. कोणाचं काही चोरलं नाही. बाकी वाऱ्यानं केलं. दुपारी पडवी पडली, एक पाय वाकला, आणि तो वाकलेला पाय घेऊन भडगावला वेल्डिंगवाल्याकडे गेला. येताना माझ्यासाठी द्राक्षं आणली.

वाईट वाटलं. द्राक्षं मात्र गोड होती.

७ एप्रिल, सोमवार

कळण्याची भाकरी केली, ज्वारी आणि उडदाची, वर तेल आणि ठेचा. प्रशील तीन खाऊन उठला. पुण्याला मिळत नाही का रे, विचारलं. सविता करत नाही म्हणाला. मग म्हणाला, करायची पूर्वी. घाम आला होता, डोळे पुसले. ठेचा तिखट झाला असणार. मिरच्या यंदा तिखटच आहेत.

दुपारी त्यानं माझा गळका नळ बांधला, पत्र्यावरचा प्लास्टिकचा कागद बदलला, दाराची कडी नीट बसवली. असं करत राहिला तर घरात मोडकं काही उरणार नाही, मग मी याला कशाला हाक मारू?

खुंटी आजही हलवली. सवय लागतेय.

८ एप्रिल, मंगळवार

आज गंमत झाली. गुडघा धरला होता, पहाटे उठवलंच नाही. म्हणजे आज मी कशालाच हात लावलेला नाही, हे नीट लिहून घे रे मोबाईला. तरी दुपारी पडवी आडवी. मी जाऊन बघितलं. खुंटी जागेवर होती, दोराची गाठ सुटली होती. तुटली नव्हती, सुटली होती. वाऱ्याला बोटं असतात हे मला या वयात कळलं. निंबाची शेळी असेल म्हटलं, पण शेळीनं दोर चावला असता.

प्रशील अगदी शांत होता. चिडला नाही, काही नाही. म्हणाला, "आजही जमलं नाही माय, अजून दोन दिवस लागतील असं दिसतं." मी तोंड वाकडं करून अरेरे म्हटलं. दोघंही मग खूप वेळ ओट्यावर बसलो होतो.

लहानपणी बापाबरोबर याच वाळूत टरबुजाच्या वाडीवर झोपडी बांधायचा हा. तेव्हा कधी उडली नाही ती. पुण्याच्या पाण्यानं सगळं धुऊन नेलं वाटतं.

१० एप्रिल, गुरुवार

आज बोलायचं नव्हतं. बोलते.

मी त्याला ताक द्यायला गेले. तो गाडीच्या पलीकडच्या बाजूला फोनवर होता. मी कान लावला नाही, कान आपले आपणच लागले. म्हणत होता, "किल्ली टेबलावर ठेवून आलोय. माझं आता तिथं काही नाही." मग तिकडचं माणूस बराच वेळ बोललं. मग हा म्हणाला, "आत्ता नाही येता येणार. आई एकटी आहे. इथं अडकलोय मी."

किल्ली कसली ते कळलं नाही, घरी विसरून आला असेल. पण शेवटचं कळलं. अडकलोय.

ताक तसंच घेऊन परत आले आणि शेळीला पाजलं. तिनं अर्धं सांडलं.

मी टाचेनं खुंट्या हलवते आहे आणि पोरगं तिकडं अडकलंय. सून पुण्याला एकटी, हौसेनं घेतलेली गाडी वाळूत रुतलेली, आणि कारण कोण, तर आई एकटी आहे. आई एकटी आहे हे खरंच आहे. पण ते आईनं सांगायचं असतं, नाहीतर गिळायचं असतं. पोरानं ते फोनवर सबब म्हणून सांगावं, अशी वेळ मी येऊ देणार नाही.

उद्या पडवी मीच उभी करते.

११ एप्रिल, शुक्रवार

झाली उभी.

सकाळीच त्याला फावडं दिलं. म्हटलं, वाळूत उभी खुंटी घालून काही होत नाही, वाळू म्हणजे नुसती पाहुणी, उभ्या माणसाला धरत नाही. आडवं पुरायचं. कपाशीच्या काड्यांची मोळी बांधायची, गुडघाभर खड्डा, त्यात मोळी आडवी, दोर तिच्या मधोमध, आणि दोर खेचला जाईल त्या दिशेला खड्ड्याला आतून उतार द्यायचा. वर वाळू, पाणी, पायानं तुडवणं, पुन्हा वाळू. त्याचे बाबा असंच करायचे. वारं दोर ओढतं तेव्हा सगळी वाळू मोळीवर बसते, आणि तिला काही उठवत नाही.

हे मी सांगत होते आणि त्याचे हात माझ्या पुढं चालले होते. मोळीला फास कसा घालायचा ते मी सांगायच्या आधीच घालून झाला होता, बापासारखाच, डाव्या हातानं. मी म्हटलं, अरे येतं की तुला. मग इतके दिवस काय करत होतास? विसरलो होतो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

खड्डा खणताना तो मधेच थांबून राहायचा. दमला का विचारलं तर नाही म्हणाला. "माय, तुले घाई शे का?" असं विचारलं. गाडीतून उतरल्यापासून शुद्ध मराठीत बोलणारा, आज अचानक घरचं बोलला. मी म्हटलं घाई कसली, पण काम धरलं की संपवावं. त्यावर तो भराभर खणायला लागला.

संध्याकाळी वळवाचं वारं आलं. पहिली वावटळ, मग धुळीची भिंत. समोरच्या मळ्यातले केळीचे खांब कडाकडा आडवे झाले. निंबाच्या जयंतीच्या स्टेजचं कापड नदीपलीकडे गेलं, तो ओरडत मागं धावला. पडवी फुगायची, दोर तुणतुण्यासारखे वाजायचे, आणि पुन्हा खाली बसायची. एक गाठ सुटली नाही.

वारं थांबल्यावर निंबा धुळीनं माखून आला आणि आमच्याकडे बघून काही न बोलता परत गेला. इतका आनंद मला खूप दिवसांत झाला नव्हता. प्रशीलला म्हटलं, बघ, आता जा कुठंही. तो पडवीखाली उभा राहून वर कापडाकडे बघत होता. तोंड उतरलेलं होतं. दिवसभर खणलं, दमला असेल.

१२ एप्रिल, शनिवार

गेला.

मला वाटलं होतं जयंती दोन दिवसांवर आहे, ती करून जाईल. तोही म्हणाला जयंती आहे ना परवा. मी म्हटलं, पुढं ऊन वाढेल, सविता वाट बघत असेल, माझ्यासाठी थांबू नकोस. तो हो म्हणाला. मग गाडीत पाणी भरलं. चाकांची हवा बघितली. ती बघून झाल्यावर पुन्हा बघितली. मोळ्या वाळूत तशाच राहू देतो म्हणाला, पुढं लागल्या तर. काही राहिलं का म्हणून घरात आला, घरात त्याचं काही नव्हतंच.

मी दशम्या आणि ठेचा बांधून दिला.

आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारत नाहीत. मागून हाक मारत नाहीत, थांब म्हणत नाहीत. अपशकुन होतो. बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या वेळी मी पूजा सोडली, उपास सोडले, अंगात येणाऱ्या बाईच्या पाया पडणं सोडलं. त्याचे बाबा म्हणायचे हेही सोड. पण हे जिभेत बसलंय, डोक्यात नाही. तेवढी एक गोष्ट निघाली नाही. लेकरू रस्त्याला लागताना जीभ आपोआप टाळूला चिकटते.

तो दार धरून उभा राहिला. बराच वेळ. मी पदर नीट केला, शेळीला हाड म्हटलं. त्याला वाटलं असेल मी काही बोलेन. मलाही वाटलं तो काही बोलेल. मग तो "येतो माय" म्हणाला आणि बसला.

गाडी वळणावर थांबली होती जरा. कुत्रं आडवं आलं असेल.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. विहारात वंदना झाली, मग मिरवणूक, निळी रांगोळी, डीजे. मी पांढरं लुगडं नेसून कडेला बसले. सगळ्यांची पोरं आली होती, सुरत, नाशिक, पुणे, कुठून कुठून. मंजुळाबाई विचारत होती, तुमचा प्रशील इथंच होता ना परवापर्यंत? मी म्हटलं, समुद्रावर गेला, मोठी माणसं उन्हाळ्यात समुद्रावर जातात. ती म्हणाली जयंती टाकून? मी म्हटलं समुद्राला पण जयंती असते. काय बोलले मलाच कळलं नाही.

घरी येऊन खीर खाल्ली. एकटीनं खाल्लेली खीर नुसता भात लागते.

१६ एप्रिल, बुधवार

प्रशीलचा फोन आला. समुद्र छान आहे म्हणाला. पडवी उभी आहे का विचारलं, हो म्हणाला. मागं देवळाच्या घंटा वाजत होत्या आणि कोणीतरी बाई आपल्या अहिराणीत प्रसादाच्या नारळाचा भाव करत होती. खानदेशी माणूस कुठं कुठं पोचलंय बघा. मला अभिमान वाटला.

तू जेवतोस ना, विचारलं. हो म्हणाला. तू? मी हो म्हटलं. मग दोघांचीही बोलणी संपली, पण फोन कोणी ठेवेना.

१७ एप्रिल, गुरुवार

काही नाही. वाळूवर जाऊन बसले होते.

१९ एप्रिल, शनिवार

निंबा एरंडोलला लग्नाचा मंडप घालून आला. टेम्पोतून उतरला तो सरळ माझ्याच ओट्यावर. म्हणाला, "काकू, प्रशीलभाऊ पद्मालयले शे." मी म्हटलं, पिऊन आलास का? तो समुद्रावर आहे. निंबा म्हणाला, समुद्र नाही, पद्मालयाच्या डोंगराखाली, देवळाच्या अलीकडे झाडात गाडी लावलीय. निंबा वऱ्हाडाला दर्शनाला घेऊन गेला तेव्हा त्यानं बघितली. चहावाला सांगत होता, बरेच दिवस झाले, कुठं जात नाही, येत नाही, पडवीखाली बसलेला असतो. निंबानं हाक मारली तर तो गाडीच्या मागं गेला.

मी म्हटलं दुसरी गाडी असेल. निंबा म्हणाला, काकू, तसली दुसरी गाडी या जिल्ह्यात असती तर मी तुमचे पाय धुऊन पाणी प्यालो असतो.

पद्मालय एरंडोलजवळच, इथून टेम्पोनं तासभर. माझ्याच गावाहून निघून पोरगं तेवढंच गेलं, आणि मला समुद्र छान आहे सांगत होतं. का? गाडी बिघडली म्हणावं तर सांगितलं असतं. सविताशी भांडण म्हणावं तर नवरा-बायको भांडतात आणि घरी जातात, डोंगराखाली राहत नाहीत.

जेवण गेलं नाही. किल्ली टेबलावर ठेवून आलोय, हे कशाला आठवतंय कोण जाणे.

उद्या निंबा मंडप सोडायला परत जातोय. मला ने म्हटलं.

२० एप्रिल, रविवार

टेम्पोत पुढं बसले, मागं बांबू खडखड करत होते. निंबा वाटेत खूप बोलत होता. मी पहिल्यांदाच त्याला एकाही गोष्टीला उलटं बोलले नाही, तेव्हा घाबरून तोही गप्प बसला.

पद्मालयाकडची जमीन म्हणजे खडक. वर बोटभर माती, खाली काळा दगड. तिथं खुंटीचं टोकही जाणार नाही. त्यानं दोर मोठ्या दगडांना गुंडाळले होते, आणि एका दोरावर सदरा वाळत घातला होता. पडवी एका अंगाला लोंबत होती. तिच्याखाली खुर्ची टाकून माझा पोरगा बसला होता, दाढी वाढलेली, पुढं काहीच नाही, पुस्तक नाही, मोबाईल नाही. त्याचे बाबा गेले तेव्हा मी अशीच बसायचे. बाहेरून असं दिसतं हे मला माहीत नव्हतं.

मी जवळ गेले तरी कळलं नाही. मग दचकून उठला. माय, तू कशी, म्हणाला.

मी म्हटलं, "समुद्र बघायला आले."

हसेल असं वाटलं होतं. नाही हसला. खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः दगडावर बसला. निंबा शहाणा, तो चहावाल्याकडे निघून गेला. आम्ही दोघं कितीतरी वेळ समोरच्या सागाच्या झाडांकडे बघत बसलो. पानं सगळी गळून खाली पडलेली. मी विचारणार होते सविताचं, पुण्याच्या घराचं, नोकरीचं. एक-एक प्रश्न तोंडापर्यंत यायचा. त्याचे हात बघितले आणि गिळून टाकला. मांडीवर उताणे पडले होते.

मग तोच म्हणाला, अगदी हळू, "माले कोठेच जानं नही, माय."

मी अख्खा जन्म बोलत आले. सासूला बोलले, मुकादमाला बोलले, निंबाला तर रोज बोलते. पण तेव्हा मला एकच शब्द सापडायला इतका वेळ लागला की मधे एक वानर येऊन गाडीच्या टपावर बसून गेलं.

"ऱ्हाय," मी म्हटलं. "मनाकडे, घरमा ऱ्हाय."

तो थोड्या वेळानं उठला आणि दगडांवरचे दोर सोडायला लागला. सदरा काढला, झटकला, घडी केली. पडवी गुंडाळली. मी सविताचं मग विचारीन. विचारायला आता दिवस आहेत.

निंबा चहाचे कप घेऊन आला. मी म्हटलं, प्रशील, पी जरा, मग निघू. त्यानं माझ्या हातातला कपही काढून घेतला आणि निंबाला परत दिला.

"घरी गेल्यावर पिऊ," म्हणाला.